मुसफ्फ्यातले गोलपोस्ट

अबुधाबीजवळच्या मुसफ्फ्याच्या वाळूवरचे ते दोन्ही गोलपोस्ट मी स्वतःच्या हातानं वेल्ड केले होते, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी थोडी फुशारकी मारली तर कुणाला नवल वाटायला नको. तसाही फुटबॉलबद्दल बोलताना कोल्हापूरचा माणूस हात आखडता घेत नाही. उरलेल्या महाराष्ट्राला हे समजावून सांगावं लागतं. त्यांच्या लेखी कोल्हापूर म्हणजे कुस्ती, रस्सा आणि चप्पल. पण आमच्याकडं पेठेपेठेत तालमी आहेत आणि ज्या तालमीत पैलवान घुमतात त्याच तालमीच्या नावानं फुटबॉलची टीम उतरते. दोन पेठांची मॅच असली की दुकानांची शटरं दुपारीच खाली येतात, आणि हरलेल्या पेठेतली माणसं पुढं चार दिवस भाजी आणायलासुद्धा लांबच्या रस्त्यानं जातात. मी त्यातल्या खालच्या पेठेचा. आमच्या तालमीचा नऊ नंबर, म्हणजे पुढं उभा राहून गोल मारणारा. मानेवर रुळणारे केस होते, आणि गोल झाला की ते दोन्ही हातांनी मागं सारायची सवय होती. आई म्हणायची, पेठेतल्या पोरींना तुझे गोल दिसत नाहीत, केस तेवढे दिसतात. मला दोन्ही चाललं असतं.

वडील फाउंड्रीत होते. फुटबॉलवर पोट चालत नाही हे त्यांनी मला न रागावता आणि वारंवार सांगितलं, आणि मी आयटीआयला वेल्डिंग शिकलो. विशीत होतो तेव्हा त्यांच्या एका मित्रानं अबुधाबीच्या एका फॅब्रिकेशन कंपनीत चिकटवून दिलं. बॅगेत दोन पँट, तालमीची जर्सी आणि आईनं स्टीलच्या डब्यात दाबून भरलेली कांदा-लसणाची चटणी, एवढा ऐवज घेऊन मी मुसफ्फ्याच्या कॅम्पात उतरलो. खोलीत सहा जण आणि तीन दुमजली पलंग. खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा धडधडायचा आणि तो बंद पडला की सगळ्यांना जाग यायची. पहाटे मशिदीतली बांग, मग कंपनीच्या बसचा हॉर्न, मग दिवसभर ग्राइंडरची किंचाळी. ती किंचाळी कानातून झोपेपर्यंत जात नसे. पण सांगतो, मला तिथं परकं वाटलं नाही. जिथं लोखंड तापतं तिथल्या वासात मी लहानाचा मोठा झालो होतो. पहिल्या आठवड्यातच जोसेफ फोरमननं माझ्या जोडावरून अंगठा फिरवला आणि मला हेल्परांतून काढून वेल्डरांच्या रांगेत उभं केलं.

खोलीत गेलो त्या संध्याकाळी वरच्या पलंगावरून एकानं खाली वाकून विचारलं, "कोल्हापूरचा काय रं?"

"व्हय."

"पेठ कुठली?"

मी सांगितली. तो पलंगावरून खाली उतरला आणि म्हणाला, "बरं. पाणी तापलंय, आंघोळ करून घे आधी." हा यशवंत. वरच्या पेठेच्या तालमीचा लेफ्ट विंगर. मी त्याला ओळखत होतो, न ओळखून कसं चालेल. दोन वर्षांपूर्वी त्यानं आमच्या बॅकला असा चकवला होता की तो बॅक अजून लग्नकार्यात तोंड चुकवत होता. यशवंत माझ्या आधी वर्षभर इथं आला होता. त्या संध्याकाळी त्यानं मला स्वतःच्या ताटात जेवायला घेतलं, दुसऱ्या दिवशी फोनचं कार्ड कुठं मिळतं ते दाखवलं, आणि मला ताप आला तेव्हा जोसेफशी भांडून सुट्टी मिळवून दिली. सख्ख्या भावानं याहून जास्त काही केलं नसतं. ग्राउंडवर मात्र आमच्यात बॉल जात नव्हता. कुणी शपथ घातली नव्हती. वाळूवर उतरलं की पाय तसे वळायचेच नाहीत. वरच्या पेठेनं एका फायनलला आमच्यावर खोटी पेनल्टी घेतली होती, आणि तेव्हा माझा जन्मही झालेला नव्हता, पण ती पेनल्टी मला तोंडपाठ होती. शुक्रवारी घरी फोन लावला की आईच्या मागून तालमीतला कोणीतरी ओरडायचाच, "त्याला बॉल देत न्हाईस न्हवं?" आणि मी अभिमानानं सांगायचो की देत नाही.

ब्रुकमनसाहेब आमच्या वर्कशॉपात आले ते हातात टेप घेऊन. जर्मन माणूस, पन्नाशीच्या अलीकडचा, उंच, आडवा, नाक दोनदा मोडून दोन्ही बाजूंना वळलेलं, आणि उजवा गुडघा न वाकवता चालायची ढब. ते तेव्हा तिथल्या एका क्लबाचे मॅनेजर होते. त्यांना चाकांवरचे गोलपोस्ट हवे होते, म्हणजे सरावाला गोल ढकलत कुठंही नेता येईल असे. काम माझ्याकडं आलं. ते एक दिवसाआड यायचे, आडव्या पाइपवर बोटाच्या पेरानं टकटक करून कान लावायचे आणि मान डोलवून जायचे. पोस्ट तयार झाले, रंग सुकला, आणि त्याच आठवड्यात क्लबानं साहेबांना काढलं. आखातातल्या क्लबांची तेव्हाची रीतच ती होती. चार मॅच हरल्या की मॅनेजर खलास, विमानतळावरून दुसरा हजर. नव्या मॅनेजरला चाकं नको होती. पोस्ट परत आले आणि यार्डाच्या मागं उन्हात पडून राहिले. आमचे अरबाब, म्हणजे कंपनीचे मालक, एक दिवस फिरत आले, पोस्टांकडं बघून म्हणाले, "यल्ला, लडका लोग को दे दो, खेलेगा," आणि आम्ही सहा-आठ जणांनी ते ढकलत कॅम्पच्या मागच्या मोकळ्या वाळूवर नेऊन उभे केले.

पुढच्या शुक्रवारी वाळूच्या कडेला एक पांढरी गाडी थांबली. साहेब उतरले, डिकीतून प्लॅस्टिकची खुर्ची काढली आणि आपल्या पोस्टांच्या मागं बसले. क्लबानं नोकरी काढून घेतली होती, पण बायको तिथल्या इस्पितळात नर्स होती, घर तिच्या नोकरीवर होतं, त्यामुळं त्यांना देश सोडावा लागला नव्हता. नुसतं बसून मात्र त्यांना राहवत नव्हतं. काही शुक्रवार ते मुकाट बघत राहिले. जोसेफ त्यांना चहा नेऊन द्यायचा. मग एकदा मॅच संपल्यावर त्यांनी मला बोटानं बोलावलं. त्यांची हिंदी क्लबांच्या माळ्यांकडून आणि ड्रायव्हरांकडून शिकलेली होती.

"तुम अच्छा," ते म्हणाले. "बहुत अच्छा. मगर तुम आधा ग्राउंड देखता है. राइट साइड देखता, लेफ्ट साइड नहीं देखता. आँख में प्रॉब्लम?"

मी म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत. वेल्डर आहे मी, डोळ्यावर तर पोट आहे.

जोसेफ मागून हसत म्हणाला, "सर, लेफ्ट में दूसरा मोहल्ला है," आणि त्यानं वरची पेठ, खालची पेठ, तालमी, पेनल्टी, सगळं पुराण इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं साहेब आम्हाला येड्यात काढतील. ते तर खूश झाले. त्यांच्या कोळसाखाणीच्या गावात म्हणे रेल्वेच्या रुळांच्या दोन बाजूंना दोन क्लब होते आणि त्यांचे वडील रुळापलीकडच्या बेकरीचा पाव घरात येऊ देत नसत. पाव कितीही चांगला असला तरी. ते सांगताना त्यांच्या मोडक्या नाकावर असं काही समाधान पसरलं होतं की मला ते तेव्हापासून आमच्यातलेच वाटायला लागले.

त्या दिवशी ते आमच्या खोलीवर जेवायला आले. शुक्रवारचं मटण यशवंतकडं असायचं. हा माणूस दिवसभर लोखंड कापायचा आणि शुक्रवारी बायकांनी हात जोडावेत असा तांबडा-पांढरा रस्सा करायचा. खोबरं भाजायला लागला की शेजारच्या खोल्यांतले मलबारी, पठाण सगळे दारात डोकावून जायचे. चटणी माझ्या आईची, हात त्याचा. आम्ही जमिनीवर पेपर पसरून बसलो, साहेबांना पालथी बादली दिली, गुडघा वाकत नव्हता ना. त्यांनी खुबूस, म्हणजे तिथल्या रोटीचा तुकडा, रश्श्यात बुडवला, तोंडात घातला, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. घाम कपाळावरून मोडक्या नाकावर आला. पण थांबले नाहीत. वाटी संपवली, पुन्हा पुढं केली, आणि मग विचारलं, "कौन बनाया?"

यशवंतच्या हातात पळी होती. सगळ्यांनी त्याच्याकडं बोट दाखवलं. मी तर तेव्हा त्याच रश्श्यात भाकरीऐवजी भात कालवून मनापासून ओरपत होतो. साहेबांनी आधी माझ्या ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"इसका हाथ का खाना तुम खाता है," ते म्हणाले, "इसका पाँव का बॉल नहीं लेता?"

मन्सूर नावाचा दापोलीकडचा एक पोरगा आमच्यात होता, तो आधी फिस्सकन हसला. मग यशवंत हसला. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. यशवंतनं माझ्या ताटात आणखी एक पळी ओतली आणि म्हणाला, "खा गड्या, इचार नंतर कर."

पुढच्या शुक्रवारी डावीकडून बॉल आला. यशवंतनंच दिला, पहिलं पाऊल त्यानं टाकलं, हे मी आजही कबूल करतो. बॉल असा आला की मला फक्त पाय लावायचा होता. गोल झाला. त्यानंतर असे खूप झाले. फोनवर मात्र मी गोलांचे आकडे सांगायचो, बॉल कुणी दिला ते सांगायचो नाही. घ्यायला काय जातंय, गोल तर माझ्याच नावावर लागत होते. साहेबांच्या ते ध्यानात आल्याशिवाय कसं राहील? एकदा चहा पिता पिता म्हणाले, "तुम अभी लेता है. देता नहीं."

मी म्हटलं, "मैं स्ट्रायकर है, साहेब. स्ट्रायकर लेता है."

"हाँ," ते म्हणाले. "मैं भी यही बोलता था."

संध्याकाळी काम सुटल्यावर ते कधीकधी वर्कशॉपात यायचे. पोस्टांना जाळी अडकवायचे हूक मी मोकळ्या वेळात करून देत होतो, आणि ते लोखंडी बाकावर बसून बोलत राहायचे. थोडं हिंदीत, बरंचसं इंग्रजीत, काही अरबीत, आणि उरलेलं हातांनी. त्यांची सगळी कहाणी मी अशी ठिणग्यांच्या आडून ऐकली. बाप खाणीत, थोरला भाऊ खाणीत, हे एकटे डोक्यानं गोल मारता येतात म्हणून वर राहिले. आधी कारखान्याची टीम, मग खालच्या डिव्हिजनचा क्लब, मग वरचा. धावायला त्यांना कधीच आवडलं नाही. ते म्हणायचे, गोल मारणारा माणूस आळशी पाहिजे, बॉल कुठं येणार आहे तिथं आधीच जाऊन उभा राहणारा. गावोगावच्या बॅकनी नाक मोडलं, गुडघा मोडला, पण पोरं स्टेडियमच्या बाहेर सही घ्यायला थांबायची. हे सांगताना ते बाकावर ताठ बसायचे. आणि मग एका लहान क्लबानं त्यांना खेळाडू आणि मॅनेजर अशी दोन्ही कामं एकदम दिली. टीम तेच निवडणार आणि तेच खेळणार.

"हर सॅटरडे पेपर पे ग्यारह नाम लिखता," ते म्हणाले. "पहले मेरा नाम. घुटना खलास, फिर भी पहले मेरा नाम." त्यांच्याच जागेवर खेळणारा एक तरणा पोरगा बेंचवर बसलेला असायचा, चांगला होता, सगळ्यांना दिसत होतं. क्लब त्या वर्षी खालच्या डिव्हिजनमध्ये गेला. शेवटची मॅच संपल्यावर ते न्हाव्याकडं गेले. तोवर त्यांचेही केस माझ्यासारखे लांब होते, फोटोत बघितलेत मी, सोनेरी आणि खांद्यापर्यंत. न्हाव्याला म्हणाले, काप. "उस दिन मैं मॅनेजर हुआ. पहले नहीं." त्यानंतर तुर्कस्तान, मग आखातातले एकामागून एक क्लब, आणि प्रत्येक ठिकाणाहून काढलं की आधी केस कापून यायचे. बायको, उर्सुलाबाई, हसत सांगायच्या की नवऱ्याची नोकरी गेली हे मला फोनवरून कळत नाही, मानेवरून कळतं.

मी ते ऐकत होतो आणि हूक वाकवत होतो. मला वाटलं गोष्ट त्यांची आहे. विशीतल्या माणसाला दुसऱ्याचा गुडघा दुखताना दिसतो, स्वतःला गुडघा आहे हे आठवतसुद्धा नाही.

हिवाळ्यात मुसफ्फ्यातल्या कंपन्यांची टूर्नामेंट असायची. दरवर्षी शेजारची स्टील कंपनी जिंकायची. सगळी मलबारची पोरं, लहानपणापासून पायात बॉल घेऊन वाढलेली, आणि मधोमध बशीर नावाचा एक बॅक, कपाटासारखा. दरवर्षी आम्ही त्यांच्याकडून मार खायचो. त्या वर्षी साहेबांनी आम्हाला फायनलपर्यंत नेलं. अरबाब खूश होते, जोसेफ खूश होता, आणि दुबई-शारजातून कोल्हापूरची पोरं बस करून मॅच बघायला येणार होती. वरच्या पेठेची आणि खालच्या पेठेची, एकाच बसमधून, दोन वेगवेगळ्या बाजूंना बसून. फायनलमध्ये कुणी गोल मारला हे त्याच संध्याकाळी कोल्हापुरात कळणार होतं. माझी नऊ नंबरची जर्सी मी गुरुवारीच धुऊन दोरीवर टाकली होती.

आणि त्याच गुरुवारी साहेब आले ते कोट घालून. दुबईच्या एका क्लबानं बोलावलं होतं. आधीचा मॅनेजर बुधवारी खलास झाला होता आणि शुक्रवारी त्यांची पहिली मॅच होती, आमच्या फायनलच्याच वेळी. या बोलावण्याची ते किती महिने वाट बघत होते ते मला ठाऊक होतं. ते वाळूवर उभे राहिले, पोस्टाच्या पाइपवर पेरानं टकटक केलं आणि शिटी माझ्या हातात दिली.

"कल तुम मॅनेजर," ते म्हणाले. "ग्यारह नाम तुम बोलेगा."

"मैं खेलेगा भी, साहेब?"

त्यांनी खांदे उडवले. "तुम मॅनेजर. तुम बोलो." गाडीत बसले आणि गेले. खुर्ची मात्र पोस्टांच्या मागं ठेवून गेले.

मी पहिलं नाव माझं घेतलं. दुसरं कुणाचं घेणार? डावीकडं यशवंत, बाहेर राखीव म्हणून मन्सूर, तो वाऱ्यासारखा पळायचा पण बॉल कधी पायात राहायचा नाही. मॅच सुरू झाली आणि बशीर माझ्या पाठीला चिकटला तो सुटेनाच. मी इकडं सरकलो की हा इकडं, तिकडं की तिकडं. त्याच्या घामाचा वास मला अजून येतो. वाळूच्या एका बाजूला दुबईहून आलेली पोरं ओरडत होती, "विलास, नाद करायचा न्हाई!" विलास म्हणजे मी. पहिल्या अर्ध्यात बॉल माझ्या पायाला फारसा लागलाच नाही, त्यांनी मात्र एक गोल आमच्यावर चढवला. आणि गंमत अशी की बॉल मिळत नव्हता म्हणून मला पहिल्यांदा नीट दिसायला लागलं. बशीर आणि दुसरा बॅक, दोघंही माझ्यावर डोळे लावून होते. यशवंत डावीकडून आत यायला बघत होता, दर वेळी तो जिथं येणार तिथं मी उभा असायचो, मग तो पुन्हा बाहेर वळायचा. ती जागा त्याची होती. मधे येऊन दोन्ही पायांनी मारायची. मी त्या जागेत दार अडवून उभा होतो. हे जोसेफला दिसत नव्हतं, बाहेरून ओरडणाऱ्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं, आणि दिसल्यावर न दिसल्यासारखं करणं मला तरी जमलं नाही.

हाफटाइमला आम्ही पोस्टांच्या मागं बसलो. साहेबांची रिकामी खुर्ची तिथंच होती, कुणी तिच्यावर बसत नव्हतं. मी पाणी प्यालो आणि जर्सी अंगातून काढली.

"यशवंत, तू मधे. हे घाल. मन्सूर, तू याच्या जागी डावीकडं. बॉल मिळाला की बघत बसू नकोस, नुसता पळ आणि आत फेक."

यशवंतनं जर्सीला हात लावला नाही. त्यानं बाहेर उभ्या असलेल्या पोरांकडं पाहिलं, मग मला हळूच म्हणाला, "काय डाव हाय काय तुझा? हरलो तर वरच्या पेठेनं घालवली म्हणायला?"

"हरलो तर मी घालवली," मी म्हटलं. "टीम मी निवडलीया."

"आणि तू कुठं उभा राहणार?"

"मी बसणार."

माझ्या छातीत तेव्हा काय चाललं होतं ते सांगतो. मला रडू येत होतं. नऊ नंबर माझ्या तालमीनं मला दिला होता, आणि मी तो वरच्या पेठेच्या माणसाच्या अंगावर चढवत होतो, माझ्याच पेठेच्या पोरांसमोर. त्यांच्यातला एक ओरडलाच, "आरं विल्या, डोकं फिरलं काय तुझं?" मी वळून पाहिलं नाही. यशवंतनं जर्सी घातली. त्याला ती आखूड होत होती. मग मी साहेबांच्या खुर्चीवर बसलो, आणि ती किती खाली बसलेली आहे, तिचा एक पाय कसा वाळूत रुततो, हे मला पहिल्यांदा कळलं.

आता गोल कसे झाले ते सांगतो, कारण ते मला यशवंतपेक्षा जास्त नीट आठवतात. बशीर मला शोधत होता. खरंच, दोन मिनिटं तो बावरल्यासारखा इकडंतिकडं बघत राहिला, पाठीला चिकटायला पाठच उरली नव्हती. मन्सूर पळाला, डोळे मिटूनच पळाला असणार, आणि त्यानं बॉल आत फेकला. यशवंत माझ्या जागी आलेला होता, बॉल येण्याच्या आधीच. पहिला गोल. दुसरा गोल त्यानं उजव्या पायानं मारला, जो पाय त्याला आहे असं आमच्या पेठेत कुणी मानत नव्हतं. शिटी वाजली तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच नाही. मन्सूर येऊन अंगावर पडला, मग बाकीचे, आणि खुर्चीचा पाय मोडला. दोन्ही पेठांची पोरं वाळूवर एकत्र नाचली, गुलाल नव्हता म्हणून कुणीतरी वर्कशॉपातला रेड ऑक्साइड आणला, आणि सगळे दोन दिवस लालच फिरत होते.

यशवंत आता कोल्हापुरात असतो, बाजारपेठेत त्याचं हॉटेल आहे. परवा त्याच्याकडं रस्सा खात होतो तेव्हा पुन्हा म्हणाला, की तुला दम लागला होता म्हणून बाहेर बसलास, उगाच तत्त्वज्ञान सांगतोस. म्हणू दे. मागच्या वर्षी अबुधाबीला मुलीकडं गेलो होतो, ती अल रीम आयलंडवर विसाव्या मजल्यावर राहते. नातवाला घेऊन मुसफ्फ्यात ती जागा बघायला गेलो तर तिथं गोदाम झालंय. मी हातानं दाखवलं, इथं गोल होता, इथं मी बसलो होतो. नातू म्हणाला, "आजोबा, यू वेअर ऑन द बेंच?" मी म्हटलं, बेंच नव्हे रे, खुर्ची होती. मॅनेजरची.

त्या शुक्रवारी संध्याकाळी कॅम्पच्या वॉचमनच्या खोलीत माझ्यासाठी फोन आला. साहेब होते. त्यांची पहिली मॅच बरोबरीत सुटली होती. त्यांनी आधी आमचंच विचारलं.

"कौन मारा?"

"यशवंत. दोनों."

"और तुम?"

"मैं बाहर था, साहेब. हाफ टाइम के बाद."

तिकडून कशावर तरी पेरानं टकटक केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "नेक्स्ट फ्रायडे, करामा आओ."

मी बसनं दुबईला गेलो. करामाच्या बस स्टॉपवर ते उभे होते, नव्या क्लबाचा टी-शर्ट घालून. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि एका इडली-डोशाच्या हॉटेलाशेजारच्या लहान सलूनमध्ये मला नेलं. पेशावरचा न्हावी त्यांना ओळखत होता. त्यानं साहेबांना खुर्ची दाखवली, साहेबांनी मान हलवली आणि मला बसवलं. आरशात माझे ते केस, मानेवर रुळणारे, आणि मागं साहेबांचं मोडकं नाक. न्हाव्यानं माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं, कात्री हातात घेतली आणि विचारलं, "कितना काटूँ, भाईजान?"

मी तोंड उघडायच्या आधी साहेब म्हणाले, "मॅनेजर जितना."

त्यानंतर तीस वर्षं मी पोरांना शिकवतोय, दोन्ही पेठांच्या, आणि केसांचं माप तेच ठेवलंय. आता कापायला फारसे उरले नाहीत, तरी न्हाव्याला मी तेच सांगतो.